विचारा ना भाऊ : लॉगआउट केलं की प्रोग्राम मरते काहून?

या महिन्यात मेलबॉक्समध्ये एकाच दुखण्याचे प्रश्न जास्त आले. कोणी कॉलेजच्या सर्व्हरवर, कोणी ऑफिसच्या, कोणी भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवर भाड्याने मिळणारा सर्व्हर) काही लावून दिलं, घरी गेले, सकाळी येऊन पाहतात तर काम अर्धवट पडलेलं. म्हणून आजचं अख्खं पान त्यालाच देऊन टाकतो, प्रिंटरवाले नि वायफायवाले पुढच्या महिन्यात, रागावू नका. कमांड्स आपण तोंडाने बोलतो तशा लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाका, आणि 'मायनस' म्हटलं की ती छोटी आडवी रेघ समजा.

प्रश्न : दादा, मी एमटेकला आहे, बजाजनगरला रूम करून राहते. कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनल उघडून, जाऊन पायथनमध्ये मॉडेल ट्रेन करून राहिली आहे. रात्री लावून देते, लॅपटॉप मिटवते, झोपते. सिनियर म्हणाला शेवटी & लाव, बॅकग्राउंडला जाते. लावलं. तरी कधी सकाळी चालू सापडते, कधी मेलेलं. कमांड तीच, मग असं काहून?

सिनियरने अर्धंच सांगितलं. & लावल्याने फक्त प्रॉम्प्ट तुम्हाला मोकळा मिळतो, प्रोग्राम त्याच टर्मिनलला बांधलेला असतो आणि त्याच शेलच्या, म्हणजे तुमच्या कमांड्स घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाताखाली असतो. आता तुमचं कनेक्शन तुटलं की सर्व्हरवरचा एसएसएच ते टर्मिनल बंद करतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शेलला एक सिग्नल पाठवतो, नंबर १, नाव सिगहप, आणि बॅश, म्हणजे लिनक्सवरचं नेहमीचं शेल, स्वतः जायच्या आधी तोच सिग्नल आपल्या सगळ्या जॉब्सना, म्हणजे त्याने सुरू केलेल्या कामांना, वाटून जातो, बॅकग्राउंडवाल्यांना पण. ज्या प्रोग्रामने या सिग्नलचं काय करायचं ते ठरवलेलं नाही तो मरतो, आणि तुमच्या ट्रेनिंग स्क्रिप्टने कशाला ठरवलं असेल! ही पद्धत सत्तरच्या दशकातली आहे, तेव्हा टर्मिनल टेलिफोन लाइन नि मोडेमवरून जोडलेलं असायचं आणि लाइन कटली म्हणजे माणूस गेला असंच धरायचे, मग त्याच्यामागे मशीनचा वेळ कशाला जाळायचा. तेव्हा बरोबर होतं, आता आपल्याला नडते.

मग कधी जिवंत काहून? तर ज्या दिवशी तुम्ही एक्झिट टाईप करून सरळ बाहेर पडता त्या दिवशी बॅश बॅकग्राउंड जॉब्सना हात लावत नाही. 'हपऑनएक्झिट' नावाची एक सेटिंग असते, ती मुळात बंद असते, म्हणून. आणि ज्या दिवशी नुसती झाकणी मिटवून झोपता त्या दिवशी कनेक्शन तुटतं नि सिग्नल येतो. तोही लगेच नाही बरं का, लॅपटॉप झोपला हे सर्व्हरला कळायला वेळ लागतो. स्क्रिप्ट काही प्रिंट करत असेल तर पोचपावती न आल्यामुळे साधारण १५ मिनिटांत किंवा थोड्या जास्त वेळात कळतं, काहीच प्रिंट होत नसेल तर लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह ७२०० सेकंद म्हणजे २ तास थांबून मग चौकशी सुरू करतो, अॅडमिनने स्वतःच्या सेटिंग लावल्या असतील तर आणखी वेगळं. म्हणून तुमचं ट्रेनिंग 'मध्यरात्री आपोआप मेलं' असं वाटतं. तुमच्याकडे मॅक असेल किंवा सर्व्हरवर बॅशऐवजी झेडशेल नावाचं शेल असेल तर तिथे उलटं, झेडशेल एक्झिट केल्यावरसुद्धा चालू जॉब्सना सिगहप देतो, आधी एकदा फक्त वॉर्निंग देतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून तोच डिफॉल्ट आहे.

अजून एक गंमत. एक्झिट करून वाचलेला प्रोग्राम पण सुखरूप नसतो, त्याचं प्रिंट ज्या टर्मिनलवर जाणार ते टर्मिनलच आता नाही, पुढचा प्रिंट आला की एरर ५, इनपुट आउटपुट एरर, नि पायथन तिथेच आडवा. म्हणजे दोन गोष्टी सांभाळायच्या, सिग्नल आणि आउटपुट. लोक पहिलीच सांभाळतात.

दोन्ही सांभाळणारी ओळ ही :

नोहप पायथन३ मायनस यू ट्रेन.पीवाय > लॉग.टीएक्सटी २>&१ &

नोहप म्हणजे एन-ओ-एच-यू-पी, ही कमांड प्रोग्राम सुरू करताना सिगहप दुर्लक्षित करून ठेवते. पुढे > ने आउटपुट फाइलमध्ये, २>&१ ने एरर पण त्याच फाइलमध्ये. हे नाही लिहिलं तर नोहप स्वतःच नोहप.आउट नावाची फाइल बनवून त्यात भरत जातो, आणि दहा वेळा चालवलं तर दहाही वेळचं एकाखाली एक त्याच फाइलमध्ये, मग कोणता आकडा कोणत्या रनचा ते शोधत बसा. तो मायनस यू मात्र विसरू नका. पायथन फाइलमध्ये लिहिताना आउटपुट साठवून साठवून ढिगाने टाकतो, त्यामुळे नोहप लावलेली अर्धी जनता लॉग रिकामा पाहून 'चालतच नाही' म्हणून चांगला चालणारा जॉब मारून टाकते. मायनस यू ने ओळ लगेच दिसते, मग टेल मायनस एफ करून पाहत बसा, सीताबर्डीवरून मोबाइलने पाहिलं तरी चालतं.

आणि एक न विचारलेला सल्ला, दर एपॉकनंतर, म्हणजे डेटावरून एक पूर्ण फेरी झाली की, मॉडेल डिस्कवर सेव्ह करत जा. नोहप सिग्नलपासून वाचवतो, सर्व्हर रिस्टार्ट झाला किंवा मेमरी संपली तर तो काय करणार. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतःच सगळ्यात जड प्रोग्राम पाहून मारतो, आणि रात्री लावलेला सगळ्यात जड प्रोग्राम बहुतेक तुमचाच असते. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर बिचाऱ्या लॉगआउटला दोष देऊ नका.

प्रश्न : सर, मी जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचं, काम करतो. सॅटेलाइट इमेजेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आरसिंकने कॉपी होऊन राहिल्या, सकाळपासून चालू आहे, नोहप वगैरे काही लावलं नव्हतं. आता मला विदर्भ एक्सप्रेस पकडायची आहे नि लॅपटॉप सोबत न्यायचा आहे. बंद करून पहिल्यापासून लावू का?

तुमची गाडी तर केव्हाच गेली असेल, पण तुमच्यासारखे नागपुरात खूप आहेत, सुदूर संवेदन केंद्र इथे, मृदा सर्वेक्षणवाले इथे, जीआयएसची पोरं गल्लोगल्ली, म्हणून उत्तर देतो.

बंद करायची गरज नव्हती. कंट्रोल-झेड दाबा, प्रोग्राम थांबतो, मरत नाही. मग बीजी टाईप करा, तो बॅकग्राउंडला पुन्हा चालू होतो. मग डिसओन मायनस एच, यामुळे शेल त्या जॉबला आपल्या यादीत ठेवतो पण सिगहप त्याला देत नाही. मग एक्झिट. यातलं बीजी विसरलात तर जॉब थांबलेलाच असतो, बॅश एक्झिटच्या वेळी एकदा टोकतो, तरी बाहेर पडलात तर तो मरतो, स्टेशनवर पोचून वाटतं कॉपी होऊन राहिली आणि खरं तर एक बाइट सरकलेला नसतो, हे खूप होतं.

पण मघाचीच आउटपुटची भानगड इथेही आहे. आरसिंक प्रोग्रेस दाखवत असेल, तो टक्क्यांवाला आकडा, तर टर्मिनल गेल्यावर लिहायला जागा नाही म्हणून तो बंद पडू शकतो. गुपचूप चालणारा असेल तर निभतं. चालू प्रोग्रामला उचलून दुसऱ्या टर्मिनलमध्ये नेणारं रेप्टिवायआर नावाचं टूल आहे, आर-ई-पी-टी-वाय-आर, टीमक्स (त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात) उघडून त्यात रेप्टिवायआर आणि प्रोसेस नंबर द्यायचा, प्रोग्राम तिकडे येतो. उबुंटूवर सुरक्षेसाठी एक प्रोग्राम दुसऱ्या चालू प्रोग्रामला असा हात लावू शकत नाही अशी सेटिंग असते, त्यामुळे रूट, म्हणजे अॅडमिनचे, अधिकार लागतात, नसतील तर हा रस्ता बंद.

खरं सांगू का, आरसिंकच्या बाबतीत एवढा जीव टाकायचं कारणच नाही. तो मेला तरी पुन्हा तीच कमांड लावली की पूर्ण झालेल्या फाइल्स सोडून पुढचं घेतो, मायनस मायनस पार्शल दिलं असेल तर अर्धवट राहिलेली फाइल पण टाकून देत नाही. सकाळपासूनची मेहनत वाया वगैरे काही गेली नसती, निवांत गाडीत बसायचं होतं.

प्रश्न : नोहप वापरू, स्क्रीन वापरू का टीमक्स? ऑफिसमध्ये तिघं तीन सांगून राहिले.

तिघंही बरोबर, पण काम वेगवेगळं आहे. नोहप त्या कामासाठी जे एकदा लावलं की परत त्याच्याशी बोलायचं नाही, फक्त शेवटी निकाल पाहायचा. त्याला मध्येच काही विचारलं तर उत्तर देता येत नाही, कीबोर्ड त्याच्याकडे नसतोच. म्हणूनच नोहपच्या मागे सुडो, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालवणारी कमांड, लावून & दिलं नि सुडोने पासवर्ड मागितला की जॉब तिथेच अडकून बसतो, मग वाचक लिहितात 'नोहप हँग होते'. नोहप नाही हो होत, सुडो तुमची वाट पाहून राहिला.

टीमक्स आणि स्क्रीन म्हणजे लॉजमधली खोली. चावी काउंटरला देऊन गावात फिरून या, सामान आत जसंच्या तसं, परत येऊन कुलूप उघडलं की बॅग जिथे होती तिथेच. तुमचं शेल त्या खोलीत राहतं, एसएसएचच्या टर्मिनलशी त्याचा संबंध नाही, म्हणून कनेक्शन गेलं तरी आतल्यांना पत्ताच लागत नाही. टीमक्स न्यू मायनस एस आणि एखादं नाव, इथून सुरू. आत काम लावा. बाहेर पडायला कंट्रोल-बी, सोडा, मग डी. परत यायला टीमक्स अटॅच मायनस टी आणि तेच नाव. नाव विसरलात तर टीमक्स एलएस. बस, सुरुवातीला एवढं पुरतं. वर सरकून जुनं आउटपुट पाहायला माउस चालत नाही म्हणून लोक वैतागतात, तिथे कंट्रोल-बी आणि मग चौकोनी कंस, [ हा, दाबा नि बाणाच्या बटणांनी वर जा, क्यू दाबून बाहेर.

स्क्रीन जुना आहे, १९८७ चा, टीमक्स २००७ चा. स्क्रीनमध्ये कंट्रोल-बी ऐवजी कंट्रोल-ए, परत यायला स्क्रीन मायनस आर. ज्याचा हात स्क्रीनवर बसला आहे त्याला मी कधी बदल म्हणत नाही, पण नवीन शिकणाऱ्याने टीमक्सच शिकावं, कारण एक तर त्याच्यावर काम चालू आहे आणि दुसरं म्हणजे रेड हॅटने ८ नंबरच्या व्हर्जनपासून स्क्रीन आपल्या मूळ पॅकेजमधून काढून टाकला, आता तो ईपेल नावाच्या जादा पॅकेजच्या भांडारातून वेगळा घ्यावा लागतो, आणि ऑफिसच्या सर्व्हरवर काही वेगळं टाकायचं म्हटलं की तीन मेल, दोन अप्रूव्हल. टीमक्सची अजून एक सोय, एकाच युजरने दोन ठिकाणाहून अटॅच केलं तर दोघांना एकच स्क्रीन दिसते, परसोडीच्या आयटी पार्कमधला सहकारी अडकला तर तुम्ही घरून त्याच्या टर्मिनलमध्ये टाईप करून दाखवू शकता.

सर्व्हर रिबूट झाला की मात्र टीमक्स गेलं, नोहप गेलं, सगळं गेलं. घरातल्याच पीसीला सर्व्हर म्हणत असाल तर आधी यूपीएस घ्या, मे महिन्यात लाइट जाणार नाही अशी वस्ती मला दाखवा.

प्रश्न : नवीन सर्व्हर मिळाला, त्यावर टीमक्समध्येच ठेवतो तरी लॉगआउट केलं की टीमक्ससकट सगळं गायब. जुन्या सर्व्हरवर असं कधी झालं नाही. आता काय उरलं?

आता सिस्टमडी उरला, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिसेस नि लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम. या प्रश्नाला मोठं उत्तर देतो कारण यात भल्याभल्यांचं डोकं फिरलं आहे.

आधी साधं तपासा. अपटाइम टाका, मशीनच रिस्टार्ट झालं असेल तर टीमक्सचा दोष नाही. मग पीएस मध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्या यादीत, टीमक्स शोधा. प्रोसेस जिवंत आहे पण अटॅच होत नाही असं असेल तर त्याची सॉकेट फाइल, जिच्यातून अटॅच होता येतं ती, उडाली आहे, ती टेम्प फोल्डरमध्ये असते नि टेम्पची झाडलोट करणारा एखादा जॉब तिला कचरा समजून नेतो. टीमक्सच्या सर्व्हर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल दिला की ती सॉकेट पुन्हा बनवतो, आत सगळं शाबूत. यात कितीतरी लोकांनी घाबरून किल मायनस ९ केलेलं असतं.

प्रोसेसच नसेल तर मग सिस्टमडीच्या लॉगिनडी या भागाकडे पाहा. तुम्ही लॉगिन करता तेव्हा सिस्टमडी तुमच्या सेशनचा एक गट बनवतो, त्या सेशनमधून सुरू झालेलं सगळं त्या गटात, टीमक्स पण. लॉगिनडी.कॉन्फ फाइलमध्ये 'किल यूजर प्रोसेसेस' नावाची सेटिंग आहे, ती येस असली की सेशन संपताक्षणी गटातले सगळे साफ, नोहप असो, टीमक्स असो, डिसओन असो. इथे सिगहपचा काही संबंध नाही, म्हणून सिगहपवरचे उपाय चालत नाहीत. २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० नंबरच्या व्हर्जनमध्ये हे डिफॉल्ट येस केलं, त्यावर जगभर भांडणं झाली, डेबियनने आपल्या पॅकेजमध्ये ते बंदच ठेवलं आणि उबुंटू त्याच्याच मागे. म्हणून बहुतेकांना हा प्रकार माहीतच नाही, आणि एखाद्या ठिकाणी अॅडमिनने ते चालू केलं की वाटतं भूतबाधा झाली.

माझं मत विचाराल तर सेटिंग वाईट नाही. शंभर पोरांच्या लॅबमध्ये प्रत्येकाचं ब्राउझर नि नोटबुक मागे लटकत राहिलं तर सर्व्हर दुपारपर्यंत टिकणार नाही. वाईट एवढंच की ज्याला खरंच काम चालू ठेवायचं आहे त्याला रस्ता कोणी सांगत नाही. रस्ता असा : लॉगिनसीटीएल एनेबल लिंगर आपल्या युजरसाठी करून घ्या, यामुळे तुम्ही लॉगआउट झालात तरी तुमच्या नावाचा सिस्टमडी मॅनेजर चालू राहतो. पण नुसतं लिंगर करून थांबू नका, टीमक्स अजूनही सेशनच्या गटातच आहे नि गटाबरोबर मरणार. त्याला गटाबाहेर सुरू करायचं, सिस्टमडी रन, मायनस मायनस यूजर, मायनस मायनस स्कोप, नि पुढे टीमक्स. आता तो तुमच्या मॅनेजरच्या हाताखाली गेला. लिंगर करायला बऱ्याच ठिकाणी अॅडमिनची परवानगी लागते. मागताना 'सर्व्हर खराब आहे' असं नका लिहू, कोणतं काम किती तास चालणार ते लिहा, लवकर मिळते.

प्रश्न : आमच्या इन्स्टिट्यूटच्या क्लस्टरवर टीमक्समधला जॉब काही मिनिटांत कोणीतरी मारतं.

कोणीतरी म्हणजे अॅडमिनच, आणि त्याचं बरोबर आहे. तुम्ही लॉगिन नोडवर चालवून राहिले. ती जागा फाइली लावायची नि जॉब पाठवायची, गणितं करायची नाही. तिथे जॉबची रांग सांभाळणारं स्लर्म असेल तर एसबॅच, पीबीएस असेल तर क्यूसब, छोटीशी स्क्रिप्ट लिहून किती कोअर, किती मेमरी, किती वेळ ते सांगायचं नि पाठवून द्यायची. रांगेतून नंबर आला की जॉब कंप्यूट नोडवर चालतो, तुम्ही लॉगआउट व्हा, लॅपटॉप विका, त्याला फरक पडत नाही. नोहपची गरजच नाही. वेळ मात्र नीट मागा, मागितलेला वेळ संपला की रांगवाला कोणाचं ऐकत नाही.

प्रश्न : मी कळमना मार्केटमध्ये अडत्याचं काम करतो. पुतण्याने टेलिग्राम बॉट बनवून दिला, रोज सकाळी ७ वाजता संत्र्याचा भाव शेतकऱ्यांना जातो. व्हीपीएसवर टीमक्समध्ये चालू आहे. पण कंपनीने सर्व्हर रिस्टार्ट केला की बॉट बंद आणि पुतण्या पुण्याला. शेतकरी मला फोन करतात.

काका, पुतण्याने काम चांगलं केलं पण जागा चुकीची निवडली. टीमक्स माणसासाठी आहे, जो परत येऊन पाहणार. तुमच्या बॉटला पाहायला कोणी यायलाच नको, म्हणून त्याची सर्व्हिस बनवायची. हे पुतण्याला फॉरवर्ड करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पुतणेसाहेब, ईटीसी सिस्टमडी सिस्टम या फोल्डरमध्ये भावबॉट.सर्व्हिस अशी फाइल करा. सर्व्हिस विभागात एक्झेकस्टार्टपुढे पायथन आणि स्क्रिप्ट दोन्हीचा पूर्ण पाथ द्या, अर्धा चालत नाही. यूजर म्हणून रूट नको, साधा युजर टाका. रीस्टार्टपुढे ऑलवेज, आणि रीस्टार्टसेकपुढे १०. हा १० महत्त्वाचा, तो नाही दिला तर सिस्टमडी मेलेल्या बॉटला जवळजवळ लगेच उठवतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवूनही पडला की नाद सोडून देतो. रिस्टार्ट झाल्यावर नेटवर्क यायच्या आधी बॉट उठला तर नेमकं हेच होतं नि काकांना फोन सुरू. म्हणून युनिट विभागात आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हीकडे नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा. इन्स्टॉल विभागात वॉन्टेडबाय मल्टी-यूजर.टार्गेट, हे नसेल तर बूटच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही. मग सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड, मग सिस्टमसीटीएल एनेबल मायनस मायनस नाऊ भावबॉट. लॉग पाहायला जर्नलसीटीएल मायनस यू भावबॉट मायनस एफ. आणि झालं असं समजून उठू नका, एकदा मुद्दाम रिबूट करून पाहा, काकांच्या भावाची वेळ टाळून.

क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं लावणाऱ्या क्रॉनच्या यादीत, @रीबूट लिहूनही बॉट बूटला सुरू होतो, पण मध्येच पडला तर क्रॉन त्याला उचलत नाही. घाईत असाल तर चालेल, कायमचं म्हणून नको. आणि सर्व्हरची वेळ बघून घ्या, भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, असतात, तिथले ७ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, तोवर लिलाव आटोपलेला. टाइमडेटसीटीएल ने टाइमझोन एशिया कोलकाता करून टाका.

प्रश्न : माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. नोहप लावून झाकणी मिटवली तरी काम थांबतं. नोहप खोटं बोलतो का?

नाही, लॅपटॉपच झोपला. झोपलेल्या मशीनमध्ये कोणताच प्रोग्राम चालत नाही, उघडली की जिथे होता तिथून पुढे चालतो. लॉगिनडी.कॉन्फमध्ये हँडल लिड स्विच समोर इग्नोर लिहिलं की मिटवल्यावर झोपणार नाही, किंवा एकाच कामापुरतं हवं असेल तर त्या कमांडच्या आधी सिस्टमडी इनहिबिट लावा, पण तो मुळात झाकणी धरत नाही, त्याला मायनस मायनस व्हॉट नि हँडल-लिड-स्विच असं सांगावं लागतं. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात मिटवलेला लॅपटॉप रात्रभर गादीवर ठेवून ट्रेनिंग लावू नका, झाकणी उघडी ठेवून फक्त स्क्रीन बंद करा आणि कूलरच्या समोर पण नको, पाण्याचे तुषार येतात.

प्रश्न : घरचं नेट दर थोड्या वेळाने जातं नि एसएसएच गोठून बसतं. एंटर दाबत बसतो, काही होत नाही.

गोठलेलं सेशन सोडवायला एंटर, मग ~ हे चिन्ह, मग टिंब. लगेच प्रॉम्प्टवर येता, खिडकी बंद करायची गरज नाही. आपल्या एसएसएच कॉन्फिगमध्ये सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६० लिहा, नुसतं रिकामं बसल्यामुळे राउटर कनेक्शन तोडत असेल तर तो त्रास जाईल. नेट खरंच जात असेल तर मॉश, म्हणजे एसएसएचसारखंच टूल, वापरून पाहा, तो यूडीपीवर चालतो, वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी सेशन टिकतं. त्यासाठी सर्व्हरवर पण मॉश लागतो आणि ६०००० ते ६१००० मधले यूडीपी पोर्ट उघडे लागतात, ऑफिसचा फायरवॉल बहुतेक नाही म्हणतो. मॉशच्या आत टीमक्स, ही जोडी मला सगळ्यात आवडते, कारण मॉश कनेक्शन सांभाळतो पण लॅपटॉपच रिस्टार्ट झाला तर त्या सेशनला पुन्हा जोडता येत नाही, तिथे टीमक्स कामी येतो.

प्रश्न : भाऊ, तुमच्या जुन्या उत्तरावरून नोहप लावला, चालला, खूप छान. आता बंद कसा करू? जॉब्स टाईप केलं तर काहीच दाखवत नाही आणि प्रोग्राम सीपीयू खाऊन राहिला.

जॉब्स फक्त त्याच शेलची यादी दाखवते जिथून तुम्ही लावलं होतं, ते शेल तर गेलं. पीग्रेप मायनस ए एफ आणि स्क्रिप्टचं नाव टाका, प्रोसेस नंबर नि पूर्ण कमांड दिसेल. नंबर नीट वाचा, एकाच नावाचे दोन चालू असू शकतात, काल घाबरून दुसऱ्यांदा लावला असेल तर नक्कीच. मग किल आणि तो नंबर, बाकी काही नको. याने सिग्नल १५ जातो, प्रोग्रामला आवरायची संधी मिळते, उघडी फाइल बंद करतो, अर्धवट लिहिलेलं पूर्ण करतो. दहा-वीस सेकंद थांबा. तरी नाही गेला तरच किल मायनस ९, त्यात आवरायला वेळ मिळत नाही, डेटाबेसवाल्या प्रोग्रामला तर सहसा देऊच नका. स्क्रिप्टने स्वतःची चारपाच पोरं काढलेली असतील, पायथनच्या मल्टिप्रोसेसिंगमध्ये काढतात, तर बाप गेल्यावर पोरं मागे राहिली का तेही पाहा, पुन्हा पीग्रेप. आणि जो टीमक्समध्ये लावला असेल त्याच्यासाठी हे काहीच करायचं नाही, अटॅच करून कंट्रोल-सी दाबायचं.